धंदा पाडव्याला सुरू केला, सुटतात दीडशे पौंड. तरी नर्सरीचे ३० तास मिळतील का?

प्रश्न इंग्लंडमधल्या स्लाउहून आला आहे. ताईंची लेक मार्च २०२५ ची, म्हणजे आता मे महिन्यात १४ महिन्यांची. मिस्टर आयटीत आहेत. पगार ९५ हजार पौंड, वर्षाअखेरीस पाच-सहा हजारांचा बोनस होतो. त्यांना एप्रिलमध्ये आयएलआर, म्हणजे इथे कायम राहण्याची परवानगी मिळाली. ताई मात्र अजून डिपेंडंट व्हिसावर आहेत. यंदा गुढीपाडव्याला त्यांनी घरातून पुरणपोळी आणि श्रीखंडाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. खर्च वजा जाता महिन्याला दीडशे-दोनशे पौंड सुटतात. पुण्यात एक फ्लॅट आहे, त्याचं भाडं महिना ३० हजार रुपये येतं. नर्सरीत चौकशी केली तर तिथल्या बाई म्हणाल्या, "आठवड्याला दोनशे पौंड कमवत नसाल तर तुमचं बसत नाही." ताईंचा प्रश्न असा की, धंदा जरा जम धरेपर्यंत आता दोन वर्षं थांबायचं का?

थांबू नका. नर्सरीतल्या बाईंनी सांगितलेला नियम खरा आहे, पण तो तुम्हाला अजून लागू नाही. मी या देशात वीस वर्षं छोट्या धंद्यांचे हिशेब बघतोय. तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला 'माझी कमाई पुरेल का' एवढीच धाकधूक असते. आणि गाडी अडते ती भलतीकडेच. तुमच्या बाबतीत ती अडू शकते तुमच्या मिस्टरांच्या पगारापाशी. त्याकडे येतोच.

आधी नियम नीट समजून घेऊ. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे, कारण स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून नोकरी-धंदा करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांना ९ महिन्यांच्या वयापासून शाळेत जाईपर्यंत आठवड्याला ३० तास सरकारी खर्चाने मिळतात. आठवडे मात्र वर्षातले ३८, शाळेच्या टर्मइतकेच. म्हणजे वर्षाचे ११४० तास. अट अशी की आई आणि वडील दोघांनीही पुढच्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकी कमाई होईल असं सांगितलं पाहिजे. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षं आणि त्यावरच्यांचं किमान वेतन तासाला १२.७१ पौंड आहे. गुणिले १६, म्हणजे आठवड्याला २०३ पौंडांच्या जरा वर. तीन महिन्यांचे साधारण २६४० पौंड. नर्सरीतल्या बाईंचे 'दोनशे' ते हेच.

इथे एक गैरसमज फार आहे. तुम्ही खरोखर १६ तास काम केलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. १६ तास ही फक्त रक्कम काढायची रीत आहे. पाच तासांत तेवढे पैसे सुटले तरी चालतं, आणि पन्नास तास राबून सुटले नाहीत तर चालत नाही.

आता तुमची सूट. स्वतःचा धंदा सुरू करून १२ महिने झालेले नसतील तर ही किमान कमाईची अट लागूच होत नाही. दीडशे पौंड सुटोत, पन्नास सुटोत, पहिल्या वर्षी खिशातून जावोत, तरी तुम्ही 'काम करणारी आई' म्हणूनच धरल्या जाता. नव्या धंद्याला पहिल्या वर्षी नफा नसतो हे सरकारला मान्य आहे, आणि धंदा उभा करायला पोर कुणाकडे तरी सोपवावं लागतं हेही. इतकी सरळ सवलत इथल्या करकायद्यात मला तरी फार कमी ठिकाणी भेटली आहे.

मग १२ महिने कधीपासून मोजायचे? धंदा सुरू झाल्याच्या तारखेपासून. एचएमआरसीकडे, म्हणजे इथल्या करखात्याकडे नोंदणी केली त्या तारखेपासून नव्हे, आणि यूटीआर (करदात्याचा) नंबर टपालाने घरी आला त्या दिवसापासून तर नव्हेच. यात लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काहीजण जानेवारीत कढया-पातेली घेतली म्हणून जानेवारी लिहून टाकतात आणि फुकट दोन महिने घालवतात. काहीजण नोंदणी उशिरा केली म्हणून उशिराची तारीख टाकतात आणि पुढे कागदपत्रं मागितली की गोत्यात येतात. करकायद्याच्या हिशेबाने धंदा सुरू होतो तो तुम्ही गिऱ्हाइकासाठी दुकान उघडता तेव्हा. त्याआधीचा खर्च वाया जात नाही. सात वर्षं मागेपर्यंतचा सुरुवातीचा खर्च पहिल्या दिवशी केला असं धरून वजा करता येतो. म्हणून तयारीची तारीख आणि सुरुवातीची तारीख वेगळी ठेवायला घाबरू नका.

तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. '१९ मार्च, पुरणपोळी २४, श्रीखंड दीड किलो, तीन घरं', आणि पुढे वेगळ्या शाईत 'बँकेत आले' अशी खूण. पानाच्या कोपऱ्यात तुपाचं बोट उमटलंय तेही दिसलं. हे पान म्हणजे तुमच्या धंद्याचा जन्मदाखला समजा. फाडू नका, सुवाच्य करून दुसऱ्या वहीत उतरवत बसू नका, जसं आहे तसं ठेवा. तुमची सुरुवातीची तारीख १९ मार्च २०२६. एचएमआरसीच्या नोंदणीत हीच तारीख, चाइल्डकेअरच्या अर्जातही हीच. दोन ठिकाणी दोन तारखा दिसल्या की कुणीतरी पत्र पाठवणार, हे ठरलेलं.

तुमचा धंदा खाण्याचा, त्यामुळे आणखी एक काम आहे. घरातून खाद्यपदार्थ विकायचे तर काउन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, सुरुवातीच्या किमान २८ दिवस आधी नोंदणी करायची असते. फी नाही, आणि नोंदणी नाकारतही नाहीत. तुम्ही पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, त्यावरून मला शंका आली. राहिली असेल तर आजच करा. उशीर झाला हे खरं, पण न करणं त्याहून वाईट. शिवाय काउन्सिलची नोंद आणि नंतर येणारी स्वच्छतेची तपासणी हा धंदा खरा असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

पुरावा लागतोच असं नाही. बहुतेक अर्ज संगणकच तपासतो आणि मंजूर करतो. पण नव्या धंद्याचा अर्ज कधीकधी माणसाच्या टेबलावर जातो, कारण ही सूट लाटण्यासाठी नावापुरता धंदा दाखवणारेही आहेत. तेव्हा ते बघतात की धंदा खरोखर चाललाय का. गिऱ्हाईकं आहेत का, पैसे येतात का, जाहिरात कुठे केली, सामान कुठून घेतलं. नुसता यूटीआर दाखवून भागत नाही. तुमच्याकडे ऑर्डरची वही आहे, बँकेतली जमा आहे, व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा मेन्यू आहे, चणाडाळीच्या आणि डब्यांच्या पावत्या आहेत. शक्य असेल तर धंद्यासाठी वेगळं बँक खातं उघडा. कायद्याने सक्ती नाही, पण 'घरच्या किराण्याचे किती आणि धंद्याच्या किराण्याचे किती' या प्रश्नाला नंतर उत्तर देताना माणूस रडकुंडीला येतो.

आता नोंदणीचं. वर्षाची विक्री १००० पौंडांच्या आत असेल तर एचएमआरसीकडे नोंदणी करायचं बंधन नाही. ही विक्रीची रक्कम, नफ्याची नाही. तुमचं करवर्ष ५ एप्रिलला संपलं तेव्हा धंद्याला जेमतेम अडीच आठवडे झाले होते, त्यामुळे २०२५-२६ साठी तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही. मग नोंदणी कशाला? कारण चाइल्डकेअरच्या अर्जात यूटीआर विचारतात. सेल्फ-एम्प्लॉइड असल्याचा पुरावा हवा म्हणून कमी कमाईवरही स्वेच्छेने नोंदणी करता येते. नंबर दहा आकडी असतो, टपालाने येतो, वेळ लागतो. अर्ज केला आहे पण नंबर आलेला नाही, अशा स्थितीतही चाइल्डकेअरचा अर्ज पुढे नेता येतो. तरी मी सांगेन की नोंदणी याच आठवड्यात करून टाका. एकदा नोंदणी झाली की दरवर्षी ३१ जानेवारीच्या आत रिटर्न भरायचं लोढणं गळ्यात येतं, तेवढं लक्षात ठेवा.

तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर आहे ना? डिपेंडंट म्हणून आलेल्या आणि कधी पगारी काम न केलेल्या बऱ्याच बायकांकडे तो नसतो, आणि अर्जात दोघांचाही लागतो. नसेल तर तो सगळ्यात आधी.

व्हिसाचं आता. तुम्ही प्रश्नात हे शेवटच्या ओळीत लिहिलंत, मला ते पहिल्या ओळीत हवं होतं. ३० तासांसाठी आईवडिलांपैकी निदान एकाकडे ब्रिटिश किंवा आयरिश नागरिकत्व, सेटल्ड किंवा प्री-सेटल्ड दर्जा, नाहीतर सरकारी मदत घेण्याची परवानगी असावी लागते. स्किल्ड वर्कर (नोकरीच्या व्हिसावर आलेला) आणि त्याची डिपेंडंट, दोघांच्याही व्हिसावर 'नो पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घ्यायला मनाई असेल, तर तुम्ही कितीही कमवा, ३० तास मिळत नाहीत. मार्चमध्ये तुम्ही मला विचारलं असतंत तर माझं उत्तर 'नाही' असंच असतं. एप्रिलमध्ये मिस्टरांना आयएलआर मिळाला आणि दार उघडलं. एकाचं चालतं, तुमचा व्हिसा आड येत नाही. फक्त अर्ज मिस्टरांच्या नावाने करा आणि तुम्ही जोडीदार म्हणून या. त्यांच्या ई-व्हिसावर नवा दर्जा दिसतोय याचीही एकदा खात्री करून घ्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांपैकी ज्यांना अजून आयएलआर नाही, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. मूल तीन वर्षांचं झाल्यावर पुढच्या टर्मपासून आठवड्याला १५ तास सगळ्यांनाच मिळतात. व्हिसा विचारत नाहीत, नोकरी विचारत नाहीत. आणि दोन वर्षांच्या मुलांसाठी 'नो पब्लिक फंड्स' असलेल्या कमी उत्पन्नाच्या घरांना १५ तासांची वेगळी सोय आहे. एक मूल असेल तर करानंतरचं घरातलं उत्पन्न लंडनबाहेर २६,५०० आणि लंडनमध्ये ३४,५०० पौंडांच्या आत हवं, आणि बचत १६ हजारांच्या आत. त्याची चौकशी काउन्सिलकडे करायची. आणखी एक, स्किल्ड वर्कर व्हिसा ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः 'बाजूला छोटासा धंदा' काढायच्या फंदात पडू नये. डिपेंडंटला धंदा करता येतो, मूळ व्हिसाधारकाला तसा करता येत नाही. जोडीदाराच्या धंद्याचे पैसे आपल्या खात्यात घेणारे नवरे बघितलेत, म्हणून सांगतो.

आता येतो पगाराकडे.

किमान कमाईची अट तुम्हाला नाही, पण कमाल उत्पन्नाची अट दोघांनाही आहे. दोघांपैकी कुणा एकाचंही या करवर्षातलं 'अॅडजस्टेड नेट इन्कम' (सगळं करपात्र उत्पन्न, वजा पेन्शनमध्ये भरलेले पैसे) १ लाख पौंडांच्या वर जाणार असेल, तर ३० तास गेले. दोघांची बेरीज करत नाहीत. एकेक ९९ हजार कमावणाऱ्या जोडप्याला मिळतात, आणि एकटा १ लाख १ पौंड कमावतो त्याच्या घराला मिळत नाहीत. न्याय-अन्याय बाजूला ठेवू, नियम असा आहे. हळूहळू कमी होत जाणं वगैरे काही नाही, एक पौंड वर गेला की सगळंच जातं.

मिस्टरांचा पगार ९५ हजार, बोनस सहा हजार धरला तर १ लाख १ हजार. पण गंमत पुढे आहे. तुमच्या पुण्याच्या फ्लॅटचं भाडं. किमान कमाई मोजताना घरभाडं, बँकेचं व्याज, शेअरचा लाभांश, पेन्शन यातलं काहीच धरत नाहीत, फक्त कामाची कमाई. कमाल मोजताना मात्र हे सगळं धरतात. म्हणजे पुण्याचं भाडं तुम्हाला पात्र करायला उपयोगाचं नाही, पण अपात्र करायला पुरेसं आहे! वर्षाचे ३ लाख ६० हजार रुपये म्हणजे आजच्या दराने तीन हजार पौंडांच्या आसपास. फ्लॅट मिस्टरांच्या एकट्याच्या नावावर असेल आणि ते उत्पन्न त्यांच्या इथल्या करपात्र उत्पन्नात येत असेल, तर मेंटेनन्स वगैरे खर्च जाऊन उरलेलं त्यांच्या पारड्यात पडतं. एनआरई ठेवीचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त असतं म्हणून लोक ते विसरूनच जातात. इथे ते करमुक्त नाही.

उपाय आहे, आणि सरळमार्गी आहे. पेन्शन. मिस्टरांनी खासगी पेन्शनमध्ये ८० पौंड टाकले की सरकार वर २० घालतं, आणि त्यांच्या उत्पन्नातून पूर्ण १०० वजा होतात. चार हजारांनी ओलांडत असाल तर ३२०० पौंड भरून माणूस १ लाखाच्या आत येतो. शिवाय त्या पातळीवर ४० टक्के कर वाचतो, आणि १ लाखाच्या वर करमुक्त मर्यादाच कापली जाते ते वेगळंच. कंपनीत सॅलरी सॅक्रिफाइसची (पगाराचा काही भाग सोडून तो थेट पेन्शनमध्ये वळवायची) सोय असेल तर आणखी सोपं, ती रक्कम पगारातच येत नाही. कंपनीची पेन्शन आधीच अशी कापली जात असेल तर कदाचित तुम्ही आजच १ लाखाच्या आत असाल. करारपत्रातला आकडा बघू नका, मागच्या वर्षीचा पी-६० (कंपनी देते तो वर्षाच्या पगार-कराचा दाखला) काढा आणि त्यावरचा आकडा बघा. पहिली झडती त्या कागदाची. बोनस मार्चच्या पगारात येत असेल तर पेन्शनचा निर्णय फेब्रुवारीतच घ्या, कारण ५ एप्रिलनंतर भरलेले पैसे मागच्या वर्षाला लागत नाहीत.

तारखांचा घोळ तर याहून जास्त लोकांना बुडवतो. अर्ज मंजूर झाला की नर्सरीला द्यायचा एक कोड मिळतो. तो हातात आला म्हणजे दुसऱ्या दिवसापासून तास सुरू, असं नसतं. सप्टेंबरच्या टर्मसाठी कोड ३१ ऑगस्टच्या आत हवा, जानेवारीसाठी ३१ डिसेंबरच्या आत, एप्रिलसाठी ३१ मार्चच्या आत. तुमची लेक डिसेंबरमध्येच ९ महिन्यांची झाली, वयाने ती जानेवारीपासून पात्र आहे. पण एप्रिलच्या टर्मची तारीख हुकली, म्हणून आता सप्टेंबर. अर्ज १५ जून ते ३१ जुलैच्या दरम्यान करा. आज मे महिन्यात घाईने केलात तर कोड ऑगस्टमध्ये पुन्हा पक्का करावा लागेल, आणि ऑगस्टमध्ये तुम्ही भारतात असणार असं तुम्हीच लिहिलंय.

कारण हा कोड दर तीन महिन्यांनी 'रीकन्फर्म' करायचा असतो. खात्यात जायचं, परिस्थिती तीच आहे म्हणून सांगायचं, पाच मिनिटांचं काम. मुदतीच्या साधारण चार आठवडे आधी निरोप येतो. पाच मिनिटांचं असल्यामुळेच ते राहतं. माझ्याकडे एक जोडपं होतं, दोघंही हिशेबी माणसं, मुलीच्या नर्सरीचा खर्च स्प्रेडशीटमध्ये. डिसेंबरात लग्नाला कोल्हापूरला गेले, इथला सिम बंद, निरोप आलाच नाही त्यांच्यापर्यंत. परत आले तोवर कोड संपलेला. आधीपासून जागा घेतलेल्या मुलाला काही काळाची सवलत मिळते, लगेच बाहेर काढत नाहीत. पण ते त्याच सुमारास नर्सरी बदलत होते, आणि सवलतीच्या काळात नवीन ठिकाणी नव्याने सुरुवात करता येत नाही. एका टर्मचे पूर्ण पैसे भरले बिचाऱ्यांनी. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की तारीख फ्रिजवर लावा, फोनवर विसंबू नका.

आता पुढच्या वर्षाचं बघू, कारण १९ मार्च २०२७ ला तुमची सूट संपेल. अर्ज किंवा रीकन्फर्म करता त्या दिवशीची स्थिती बघितली जाते. समजा तुम्ही जूनच्या मध्यावर अर्ज केलात, तर रीकन्फर्मचे दिवस सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या मध्यावर येतील. मार्च २०२७ चं रीकन्फर्म १९ तारखेच्या आधी झालं तर आणखी एक तिमाही निघते. त्यानंतरच्या वेळी मात्र तुम्हाला कमाईचा अंदाज द्यावा लागेल.

तो अंदाज नफ्याचा. विक्रीचा नाही. आणि इथे फराळाच्या धंद्याची चाल कामाला येते. मे-जूनमध्ये तुमच्याकडे तीन महिन्यांचे २६४० पौंड सुटणार नाहीत हे मलाही दिसतंय. पण धंदेवाल्यांना आणखी एक मुभा आहे. तीन महिन्यांत जमत नसेल तर पूर्ण करवर्षाची सरासरी धरता येते. आजच्या दराने वर्षाचा नफा साधारण १०,५७५ पौंड. एप्रिल २०२७ मध्ये किमान वेतन बदललं की हा आकडाही बदलेल. गणपतीत मोदक, दिवाळीत चकली-चिवडा-अनारसे, संक्रांतीला तिळगूळ, पाडव्याला पुरणपोळी. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वर्षाचा निम्मा नफा काढणारी फराळवाली मला ठाऊक आहे. दिवाळीचे पंधरा दिवस तिच्या घरात झोपायला जागा नसते, पलंगावर शेवेचे डबे. जूनमध्ये तिची कमाई शून्य असते आणि तरी ती पात्र ठरते, कारण ती वर्षाचं सांगते. अंदाज प्रामाणिक असावा एवढंच. मागच्या दिवाळीची वही, यंदाच्या आगाऊ ऑर्डरी, असा काहीतरी आधार हाताशी ठेवा. अंदाज चुकला म्हणून कुणी फासावर चढवत नाही. जाणूनबुजून खोटं सांगितलं तर वसुली आणि दंड दोन्ही.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. मोठी खरेदी, म्हणजे दुसरा ओव्हन, मोठा फ्रीज, पुरणयंत्र, पहिल्या बारा महिन्यांतच उरकून घ्या. त्या काळात नफा कितीही खाली गेला तरी पात्रतेला धक्का नाही. दुसऱ्या वर्षी तीच खरेदी केलीत तर तेवढाच नफा घटेल आणि तुम्ही रेषेच्या खाली जाल. आमच्या धंद्यात एरवी सगळे 'खर्च दाखवा, कर वाचवा' म्हणतात. तुमचा नफा करमुक्त १२,५७० पौंडांच्या आत आहे, कर तसाही शून्यच. तिथे खर्च फुगवून दाखवण्याला काही अर्थ नाही, उलट नर्सरी जाईल.

एवढ्यात कुणीतरी तुम्हाला लिमिटेड कंपनी काढायचा सल्ला देईल. देतातच. कंपनी काढली की तुम्ही तिच्या डायरेक्टर होता, सेल्फ-एम्प्लॉइड राहत नाही, आणि पहिल्या वर्षाची सूट डायरेक्टरला नाही. वर लाभांश किमान कमाईत धरत नाहीत. मालक म्हणून कंपनीला भरावा लागणारा नॅशनल इन्शुरन्स वाचावा म्हणून वर्षाला ५ हजार पौंड पगार आणि बाकी लाभांश, असा बेत कित्येक अकाउंटंट आखून देतात. कागदावर तो छान दिसतो, पण घरात तान्हं बाळ असेल तर त्या बेतात नर्सरीचे ११४० तास बुडतात. तुम्ही आहात तशा सोल ट्रेडरच, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्याच बऱ्या.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यातही) नव्या धंद्याला 'स्टार्ट-अप पिरियड' असतो, तोही १२ महिन्यांचा, म्हणून लोक दोन्हींची सरमिसळ करतात. तुमचा त्याच्याशी संबंध नाही.

ज्या खात्यातून ३० तासांचा अर्ज होतो त्याच खात्यातून टॅक्स-फ्री चाइल्डकेअरही मागा. अटी याच आहेत, पहिल्या वर्षाची सूटही तीच. तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, तिमाहीला जास्तीत जास्त ५००, म्हणजे वर्षाला २००० पौंड. ३० तासांच्या वर जे पैसे नर्सरीला द्यावे लागतात ते यातून द्यायचे. दोन्ही एकत्र चालतं हे ठाऊक नसल्याने वर्षभर पूर्ण पैसे भरणारी घरं आजही भेटतात. आणि याला टर्मची वाट बघावी लागत नाही, मंजूर झालं की सुरू. म्हणून जूनमध्येच नर्सरी लावायची असेल तर सप्टेंबरपर्यंत निदान हे तरी पदरात पडेल.

नर्सरीशी बोलताना दोन प्रश्न विचारा. पहिला, तास वर्षभर पसरून देता का? बारमाही नर्सऱ्या ३८ आठवड्यांचे ३० तास ५१ आठवड्यांवर पसरवतात, मग आठवड्याला साधारण २२ पडतात. तुम्हाला दिवाळीच्या आधी जास्त आणि मे महिन्यात कमी हवेत, पण तशी लवचीकता सहसा मिळत नाही. मात्र एखादी चाइल्डमाइंडर (आपल्या घरी मुलं सांभाळणारी बाई) ते जमवू शकते. दुसरा प्रश्न, जेवण आणि डायपरचे किती? सरकारी तास फुकट असले तरी हे वरचे पैसे मागतात. ते ऐच्छिक असायला हवेत, म्हणजे डबा घरून दिला तर चालतो का हे स्पष्ट विचारून घ्या. वरणभात-तुपाचा डबा चालतो की नाही यावर एका आईचं आणि नर्सरीचं महिनाभर चाललेलं ईमेलयुद्ध मी वाचलं आहे. सुक्यामेव्याला मनाई असते, पुरणपोळीत जायफळ-वेलदोडा असेल तरी एकदा सांगून ठेवा.

कोड ११ आकडी येईल. तो, लेकीची जन्मतारीख आणि मिस्टरांचा नॅशनल इन्शुरन्स नंबर नर्सरीला लगेच कळवा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, कारण कोड असला तरी जागा उरलेली असेलच असं नाही. स्लाउमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या जागांसाठी आतापासून नाव घालून ठेवा, आणि त्या नर्सरीतल्या बाईंना हे सगळं सांगायला गेलात तर जाताना पुरणपोळ्यांचा एक डबाही न्या.